महाविद्यालयाचा बलशिक्षक

बीड जिल्ह्यांतील केज तालुक्यांत नांदूरघाट हें गांव आहे. अशा गांवांतून एखादा मुलगा शहरच्या महाविद्यालयांत येतो, तेव्हां त्याच्या अंगांत शेतकामानें आलेली ताकद असते. पण ती कशी वाढवावी, कोठें खर्चावी आणि केव्हां राखून ठेवावी, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. तें सांगणें हें बलशिक्षकाचें काम होय. डावपेंच शिकविणारा गुरु निराळा. हा त्या खेळाला लागणारें शरीर घडवितो.

ही कल्पना आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. तालमींतील वस्ताद शिष्याचा वकूब पाहून त्याचे जोर व बैठका ठरवीत असे. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखविले. आज त्या अनुभवाला शरीरशास्त्राची जोड मिळाली आहे.

त्या शास्त्राचें मर्म सोपें आहे. स्नायूवर नेहमींपेक्षां थोडा अधिक भार पडला कीं तो थकतो. पुढें विश्रांति, अन्न आणि झोंप मिळाली म्हणजे तो पूर्वीहून किंचित् बळकट होतो. श्रम हें केवळ निमित्त. बळ वाढतें तें विसाव्यांत. भार तोच ठेवला तर वाढ खुंटते. एकदम वाढविला तर इजा होते, कारण स्नायूंच्या मानानें त्यांना हाडांशीं जोडणारे कंडरे सावकाश बळावतात. म्हणून बलशिक्षकाच्या वहींत वजनांच्या आंकड्यांइतकेंच विश्रांतीच्या दिवसांना महत्त्व असतें.

दुसरा नियम असा कीं, जसा व्यायाम तसें बळ. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव मातींत घडलेले मल्ल. १९४८ सालीं लंडनला त्यांना गादीवर लढावें लागलें. तेथें रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचें मार्गदर्शन त्यांना लाभलें, आणि ते सहावे आले. चार वर्षांनीं हेलसिंकीला जाण्यासाठीं पैसा हवा होता. तेव्हां प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचें तें कांस्यपदक स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलें.

कधीं कधीं बळ वाढविण्यासाठीं आधीं कांहीं कमी करावें लागतें. बीड जिल्ह्यांतीलच आष्टी तालुक्यांतल्या मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यांत होते. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखालीं त्यांनीं वाढलेलें वजन उतरविलें आणि ते अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. २०१८ सालीं त्यांनीं ३७ वर्षें अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२३ सालीं हांगझोच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें.

या पेशाची वाट शारीरिक शिक्षणाच्या पदवीपासून निघते. १९६१ सालीं सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेंत पुढील शिक्षणाची सोय आहे. अडचण येते ती त्यानंतर. बलशिक्षकाची स्वतंत्र जागा फार थोड्या महाविद्यालयांत असते. बहुतेक ठिकाणीं एकाच क्रीडासंचालकाला मैदान, सामने, हिशेब आणि व्यायामशाळा हें सारें पाहावें लागतें. शिवाय विद्यार्थी तयार होतो न होतो तोंच पदवी घेऊन निघून जातो, आणि जूनमध्यें कच्च्या शरीरांपासून पुन्हां आरंभ करावा लागतो. विजयाच्या फलकावर त्याचें नांव नसतें. जी दुखापत झालीच नाहीं, तिची नोंद तर कोणीच करीत नाहीं.

तरीहि एखाद्या घरांतील मुलगा किंवा मुलगी हा पेशा पत्करूं म्हणेल, तर वडील मंडळींनीं ‘यांत शिकण्यासारखें काय आहे?’ असें विचारूं नये. नांदूरघाटचा तो मुलगा आपली ताकद घेऊनच आलेला आहे. पहिल्याच वर्षीं गुडघा दुखावून त्यानें परत जावें, कीं मैदानावर उतरावें, हें पुष्कळदां त्या एका शिक्षकाच्या वहीवर अवलंबून असतें.