पिसावरची काळी रेघ

हिमायतनगरच्या एका वाचकांनी पत्रासोबत बाणाचं पीस पाठवलं आहे. कडेला तिरकी काळी रेघ आणि रेघेपाशी तंतू विसकटलेले. त्यांची मुलगी लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यावर सराव करते. बाण सुटताना मुठीपाशी 'टक्' असा आवाज येतो, आणि पिसं नसलेला बाण मारून पाहिला तर तो पिसांच्या बाणांच्या डावीकडे जाऊन लागतो. दुकानात सांगितलं, बाण फार कडक आहेत, नरम घ्या. घ्यायचे का, असं ते विचारतात.

एवढ्यात घेऊ नका. ती रेघ आणि तो आवाज पाहता बाण नरमच असावेत आणि कडक असल्याचं सोंग करत असावेत.

जिन्याच्या वळणावरून लांब शिडी कधी चढवली आहे? पुढचा माणूस वळून पार होतो आणि मागचं टोक भिंतीवर आदळायला निघतं. म्हणून मागचा माणूस नेमक्या क्षणी ते बाहेर झुलवतो. चुकलाच, तर भिंतीचा चुना शिडीला लागतो. बाणाचंही असंच आहे. धनुष्याची मूठ त्याच्या वाटेतच उभी. बोटांवरून निसटताना दोरी जराशी आडवी सरकते, मागून जोराचा रेटा बसतो, पुढे टोकाचं वजन अडून असतं आणि मधली कांडी वाकते. मग उलट बाजूला वाकते. या हेलकाव्याच्या तालातच बाण मुठीला वळसा घालतो आणि शेपूट अलगद बाहेर काढतो. शिडीला मागचा माणूस असतो, बाणाला फक्त स्वतःचा ताल. तो चुकला की पिसावर रेघ उमटते.

नेम धरलेला बाण, तो न सोडता दोरी हळूच सैल केली की लक्ष्याच्या एका बाजूला रोखलेला दिसतो, तरी सुटल्यावर मधोमध कसा लागतो, या कोड्याला रेंडटॉर्फ नावाच्या एका लेखकाने 1913 मध्ये 'पॅराडॉक्स' म्हटलं. उलगडा झाला तो 1930 च्या दशकात, भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरन्स हिकमन यांच्या अतिवेगवान चित्रफितींमुळे. या माणसाबद्दल मला फार ममत्व आहे. 1918 मध्ये ते रॉबर्ट गॉडर्ड यांच्यासोबत रॉकेटवर काम करत होते. तिथल्या स्फोटात त्यांच्या बोटांचे काही भाग गेले. त्याच हातांनी पुढे त्यांनी धनुष्याचं भौतिकशास्त्र उभं केलं. रॉकेटच्या इतिहासात गॉडर्ड सगळ्यांना ठाऊक, हिकमन तळटीपेत. तिरंदाजांच्या तोंडीही त्यांचं नाव क्वचितच येतं, याचं वाईट वाटतं.

आता ते सोंग. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा पिसं नसलेला बाण डावीकडे गेला तर तो कडक, उजवीकडे गेला तर नरम, असा ठोकताळा आहे. पण फारच नरम बाण मुठीवर आपटतो आणि झटका खाऊन डावीकडे फेकला जातो. म्हणून आधी घासणं शोधायचं, निष्कर्ष नंतर. पिसांना आणि कांडीच्या मागच्या भागाला टाल्कम पावडर लावा, एक बाण सोडा आणि पावडर कुठे पुसली गेली ते पाहा. बाण मुठीवरच्या शेल्फवरून (बाण टेकतो त्या कंगोऱ्यावरून) सोडत असाल तर पिसं खरीच हवीत. ती दबतात, प्लास्टिकची दबत नाहीत.

पावडर खालच्या बाजूला पुसली गेली असेल तर दोरीवरची नॉकची, म्हणजे बाणाची खाच बसते तिथली, खूण थोडी वर सरकवा. खूण फार खाली असली की शेपूट शेल्फवर आपटून उसळतं आणि खूण वर असल्यासारखं दिसतं. हेही सोंगच.

पावडर मुठीकडच्या बाजूला पुसली गेली असेल तर बाण कापून पाहा, इंचभर नव्हे, थोडा थोडा. बाणाचा कडकपणा मोजताना 28 इंचांच्या अंतरावर टेकवून मधोमध 880 ग्रॅम टांगतात. अर्धा इंच वाकला तर तो '500' चा. हा वाक लांबीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे 30 इंचांचा 28 वर आला तर त्याच भाराखाली जवळपास एक पंचमांश कमी वाकेल. टोक हलकं केलं तरी बाण कडक वागतो. यातलं काही न करता महागडे कार्बनचे बाण घेणं म्हणजे त्याच जिन्यात नवी शिडी आणणं. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपले फलटणकडचे प्रवीण जाधव उतरले, त्या प्रकारच्या रिकर्व्हवर बाणाला बाजूने टेकू देणारं स्प्रिंगचं बटण असतं, ते बरंच सांभाळून घेतं. तुमच्या लाकडी धनुष्याला ती सोय बहुधा नसेल.

जाता जाता एक गोष्ट. तुमच्याच शहरात, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, 'साहिब-ए-किरान-ए-सानी' ही शाहजहानची पदवी कोरलेली जेडची अंगठी आहे. ती अंगठ्यात घालून दोरी ओढत. अंगठ्यावरून दोरी उलट बाजूला सरकते, म्हणून तो बाण धनुष्याच्या उजवीकडे टेकवतात. मुलीला ती अंगठी दाखवा. अंगठ्याने ओढून पाहायचा हट्ट तिने धरलाच, तर वरचं सगळं डावं-उजवं उलटं करून वाचा.