कवीच्या कबरीचा शोध घेणारा प्राध्यापक

परक्या देशाचे साहित्य शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे आयुष्य म्हणजे ग्रंथ, व्याख्याने आणि परीक्षा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इयान गिब्सन यांच्या आयुष्याचा आरंभही तसाच झाला. १९३९ साली आयर्लंडमधील डब्लिन शहरी त्यांचा जन्म झाला. तेथील ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेऊन ते बेलफास्टच्या विद्यापीठात अर्वाचीन स्पॅनिश साहित्य शिकवू लागले.

१९६५ साली ते स्पेनमधील ग्रानादा शहरी गेले, ते फेदेरिको गार्सिया लोर्का या कवीवर प्रबंध लिहिण्याकरिता. लोर्का हा तेथील एका खेड्यात १८९८ साली जन्मलेला. यादवी युद्धाच्या प्रारंभी, १९३६ च्या ऑगस्टमध्ये, त्याला त्याच्या मित्राच्या घरातून पकडून नेण्यात आले व शहराबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा त्याचे वय अवघे अडतीस वर्षांचे होते. १९५४ साली त्याचे समग्र साहित्य स्पेनमध्ये छापलेही गेले. परंतु तो कसा मेला, हे विचारण्याची सोय नव्हती. जनरल फ्रँको यांचीच राजवट चालू होती आणि माणसे भीतीने मुकी झाली होती.

गिब्सन यांनी प्रबंध बाजूस ठेवला. ते दारोदार हिंडले, वृद्धांशी बोलले, दप्तरे चाळली. मृतांना पुरण्याच्या कामी लावलेल्या एका माणसाने त्यांना आल्फाकार गावाजवळील एक जागा दाखविली. लोर्कासमवेत आणखी तिघे मारले गेले होते: दियोस्कोरो गालिंदो हे लाकडी पायाचे शाळामास्तर, आणि बैलांच्या झुंजीत मदतनिसाचे काम करणारे फ्रान्सिस्को गालादी व होआकीन आर्कोयास. कवीच्या कीर्तीमुळे जग हळहळले. परंतु या तिघांच्या घरचे दुःख काही कमी होते काय?

या शोधाचा ग्रंथ १९७१ साली पॅरिसमध्ये निघाला. स्पेनमध्ये त्यावर बंदी होती. त्यात एका कवीच्या मृत्यूबरोबर ग्रानादातील असंख्य सामान्य माणसांच्या हत्येचीही हकीकत होती. पुढे गिब्सन यांनी लंडन विद्यापीठातील स्थिर नोकरी सोडली, १९७८ साली स्पेनमध्ये बिऱ्हाड केले आणि १९८४ साली ते त्या देशाचे नागरिक झाले. लोर्काचे त्यांनी लिहिलेले विस्तृत चरित्र १९८५ व १९८७ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

२००९ साली आल्फाकारजवळील ती जागा अखेर खणण्यात आली. तेथे एकही अस्थी मिळाली नाही.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ गेला, असे म्हणावे काय? नाही. कबर सापडली नाही. परंतु जे नाव उच्चारण्याचीही लोकांना धास्ती वाटे, त्या नावाची हकीकत उजेडात आली, आणि शेजारी पडलेल्या मास्तरांचे नावही पुसले गेले नाही. ज्याची कविता शिकवावयाची, त्याच्याविषयीचे सत्य दडपले जात असता गप्प बसावयाचे नाही, एवढाच या प्राध्यापकाच्या विद्येचा अर्थ होय.