स्लॅबला किती पोती लागतील?

घरबांधणीत सर्वांत जास्त धावपळ असते ती स्लॅब टाकण्याच्या दिवशी. मिक्सर, पंधरा-वीस माणसे, वर चढवण्याची घमेली, सगळे एकदा सुरू झाले की मध्येच थांबता येत नाही. निम्म्या स्लॅबवर सिमेंट संपले आणि नवी पोती येईपर्यंत तीन-चार तास गेले, तर आधी टाकलेले काँक्रीट आवळलेले असते. त्यावर नवे काँक्रीट एकजीव होत नाही. मध्ये सांधा राहतो आणि पुढे पावसाळ्यात पाणी बहुधा तिथूनच गळते. उलट, 'असू द्या जास्तीची' म्हणून दहा-पंधरा पोती आणली आणि ती दमट कोपऱ्यात पडून राहिली, तर हवेतल्या ओलाव्याने त्यांचे दगड होतात. कर्ज काढून घर बांधणाऱ्याला दोन्ही परवडत नाही.

अनुभवी मिस्त्री जागा पाहून पोत्यांचा आकडा सांगतो आणि तो बऱ्याचदा बरोबर निघतो. पण तो आकडा कुठून आला, हे घरमालकाला ठाऊक असत नाही. खरे तर हे गणित आठवी-नववीच्या घनफळाच्या धड्यापलीकडचे नाही. त्यात थोडे विज्ञान मिसळले की झाले. एक उदाहरण घेऊन ते पायरीपायरीने करू.

आधी घनफळ

समजा, बाहेरून ६ मीटर × ५ मीटर मापाची खोली आहे. स्लॅबची जाडी १२.५ सेंमी. चारही बाजूंनी बीम आणि मध्ये ५ मीटरच्या बाजूला समांतर आणखी एक बीम. बीमची रुंदी २३ सेंमी, खोली स्लॅबसह ४० सेंमी. (जाडी, बीमची मापे आणि सळई ठरवणे हे इंजिनियरचे काम. आपण फक्त त्याने दिलेल्या नकाशावरून माल किती लागेल ते काढतो आहोत.)

स्लॅबचे घनफळ सोपे आहे: ६ × ५ × ०.१२५ = ३.७५ घनमीटर.

बीमच्या बाबतीत मात्र बहुतेक जण दोन चुका करतात. बीमची लांबी २ × ६ + ३ × ५ = २७ मीटर धरतात आणि तिला ०.२३ × ०.४० ने गुणतात. उत्तर येते २.४८ घनमीटर. यात चारही कोपरे दोनदा मोजले गेले, आणि मधल्या बीमची दोन्ही टोके बाजूच्या बीममध्ये आधीच मोजलेली असताना पुन्हा धरली गेली. शिवाय ४० सेंमी खोलीपैकी वरचे १२.५ सेंमी स्लॅबमध्ये येऊन गेले आहेत.

बरोबर रीत अशी. कडेच्या बीमची मध्यरेषा घ्या. तिची लांबी २ × (६ − ०.२३) + २ × (५ − ०.२३) = २१.०८ मीटर. मधला बीम दोन बीमच्या आतल्या कडांमध्ये, म्हणजे ५ − ०.४६ = ४.५४ मीटर. एकूण २५.६२ मीटर. स्लॅबखाली दिसणारी खोली ४० − १२.५ = २७.५ सेंमी. म्हणून बीमचे घनफळ २५.६२ × ०.२३ × ०.२७५ = १.६२ घनमीटर.

स्लॅब आणि बीम मिळून ५.३७ घनमीटर. चुकीच्या रीतीने हेच उत्तर ६.२३ आले असते. फरक ०.८६ घनमीटरचा, म्हणजे पुढे दिसेल त्याप्रमाणे सुमारे सात पोत्यांचा. एकच जागा दोनदा मोजल्याची ही किंमत.

काँक्रीटच्या आत सळई असते, तिने व्यापलेली जागा वजा करायची का? मोजमापाच्या भारतीय मानकात (आय. एस. १२००) ती वजा करत नाहीत. आपल्या उदाहरणात ती जागा जेमतेम एक टक्का भरते. सांडलवंड आणि फळ्यांच्या फटी यांसाठी मात्र सुमारे तीन टक्के वाढवू आणि ५.५ घनमीटर धरू.

साडेपाच घमेली मिळून साडेपाच होत नाहीत

घराच्या स्लॅबसाठी नेहमीचे प्रमाण १ : १½ : ३. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. याला एम-२० काँक्रीट म्हणतात. २० चा अर्थ असा, की १५ सेंमी बाजूचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसेल असे अपेक्षित आहे. त्या एका ठोकळ्यावर हे ओझे सुमारे ४५ टन होते! आय. एस. ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीनुसार सळई घातलेल्या काँक्रीटसाठी एम-२० पेक्षा कमी प्रत वापरायची नाही.

प्रमाणातले भाग मिळवले तर १ + १½ + ३ = ५½ होतात. मग ५½ घमेली कोरडा माल मिसळून ५½ घमेली काँक्रीट मिळेल का? नाही. साडेतीन-पावणेचार घमेलीच मिळेल. का, ते वर्गात करून पाहा.

एक लिटरचे भांडे खडीने काठोकाठ भरा. आता मोजपात्राने त्यात पाणी ओता. भरलेल्या भांड्यात आणखी ४०० ते ४५० मिलिलिटर पाणी मावते! खडीच्या तुकड्यांमध्ये इतकी पोकळी असते. दुसऱ्यांदा एक लिटर खडी आणि अर्धा लिटर कोरडी वाळू परातीत मिसळा आणि मोजा. मिश्रण दीड लिटर भरत नाही, सव्वा लिटरच्या आसपास राहते. उरलेली वाळू खडीच्या पोकळीत गेली. वाळूच्या पोकळीत सिमेंट जाते, सिमेंटच्या कणांमध्ये पाणी. काँक्रीट म्हणजे मोठ्याच्या पोकळीत लहान बसवत जाण्याची कला आहे.

म्हणून १ घनमीटर तयार काँक्रीटसाठी कोरडा माल सुमारे १.५४ घनमीटर घेतात. इंजिनियर हा आकडा पाठ करतात, पण तो पडताळून पाहता येतो.

सिमेंट : १.५४ ÷ ५.५ = ०.२८ घनमीटर
वाळू : ०.२८ × १.५ = ०.४२ घनमीटर
खडी : ०.२८ × ३ = ०.८४ घनमीटर

सैल सिमेंटचे वजन घनमीटरला १४४० किलो धरतात. ०.२८ × १४४० = ४०३ किलो, म्हणजे ५० किलोची आठ पोती. आता पोकळी वगळून प्रत्येकाचे भरीव घनफळ काढू. सिमेंटची घनता ३१५० धरली, तर ४०३ किलो सिमेंट ०.१२८ घनमीटर जागा व्यापते. वाळू सैल असताना घनमीटरला सुमारे १६०० किलो, म्हणून ६७२ किलो. तिच्या दाण्यांची घनता २६५०, म्हणून जागा ०.२५४. काळ्या दगडाची खडी सैल १५०० धरली तर १२६० किलो, दगडाची घनता २८००, म्हणून जागा ०.४५०. पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्मे, २०० लिटर, म्हणजे ०.२००. बेरीज १.०३. तीन टक्के इकडेतिकडे, पण १.५४ या आकड्यात जादू काही नाही, हे पटते.

आता आपला स्लॅब: ५.५ × ८.०६ = ४४.३, म्हणजे ४५ पोती. वाळू ५.५ × ०.४२ = २.३१ घनमीटर. खडी ४.६२ घनमीटर. आपल्याकडे वाळू-खडी ब्रासने मिळते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. तेव्हा वाळू ०.८२ ब्रास आणि खडी १.६३ ब्रास.

ओल्या वाळूतली हवा

हिशेब ०.८२ ब्रासचा, पण मिस्त्री म्हणतो, 'एक ब्रास मागवा.' त्याचे म्हणणे अडाणीपणाचे नाही. वाळू ओलसर असेल तर प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. पृष्ठताणामुळे हे पापुद्रे दाण्यांना जवळ सरकू देत नाहीत आणि तीच वाळू जास्त जागा व्यापते. याला वाळू फुगणे म्हणतात. चार-सहा टक्के ओलाव्याला वाळू २०-३० टक्के फुगू शकते. बारीक वाळू जास्त फुगते. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून सर्रास वापरली जाणारी दगडाची क्रश सँडही फुगते.

गंमत अशी, की वाळू पाण्यात पूर्ण बुडवली तर पापुद्रे नाहीसे होतात आणि ती पुन्हा कोरड्या वाळूइतकीच होते. त्यावरून साधी परीक्षा करता येते. मोजपात्रात ओलसर वाळू सैल टाकून २०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत सपाट करा. ती वाळू काढून ठेवा, पात्र निम्मे पाण्याने भरा, वाळू हळूहळू परत आत सोडा आणि ढवळून बसू द्या. समजा, ती १६० च्या खुणेवर बसली. तर २०० ÷ १६० = १.२५, वाळू २५ टक्के फुगलेली होती. आपल्याला हवी ०.८२ × १.२५ = १.०२ ब्रास. मिस्त्रीचा एक ब्रास असा आला!

म्हणजे ओल्या वाळूच्या एका ब्रासमागे पाचवा हिस्सा पैसे आपण हवेचे देतो. वाळू घेताना ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकाराला शंभराने भागावेच, पण ही परीक्षाही करावी. बाटली आणि पट्टी असली तरी भागते.

फुकटचे पाणी

वाळूतल्या ओलाव्याचा दुसरा परिणाम पैशापेक्षा गंभीर आहे. एका पोत्यामागे सुमारे ८३ किलो वाळू पडते. तिच्यात पाच टक्के ओलावा असेल, तर चार लिटरहून जास्त पाणी मिक्सरमध्ये न मोजता जाते. वरून मिस्त्री नेहमीचे पाणी ओततोच.

सिमेंटच्या वजनाशी पाण्याचे प्रमाण जितके जास्त, तितकी काँक्रीटची ताकद कमी, हा नियम अमेरिकेत डफ अब्राम्स याने १९१८ मध्ये मांडला. सिमेंटशी रासायनिक क्रिया होण्यास लागते त्याहून जास्त असलेले पाणी नंतर उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. आय. एस. ४५६ प्रमाणे एम-२० साठी एका पोत्याला वाळू-खडी मिळून २५० किलोपेक्षा जास्त नको आणि पाणी ३० लिटरपेक्षा जास्त नको. आपल्या प्रमाणात वाळू-खडी २३९ किलो होते आणि पाणी २५ लिटर. यात काम सोपे व्हावे म्हणून आणखी १० लिटर पाणी ओतले, तर पाण्याचे प्रमाण ०.५ वरून ०.७ होते आणि ताकदीचा जवळपास तिसरा हिस्सा जातो. सिमेंटचे पोते एकही कमी केलेले नाही, पैसे पूर्ण मोजले आहेत, तरी हाती आलेले काँक्रीट एम-२० राहिले नाही.

उपाय साधा आहे. ४० × ३५ × २५ सेंमी आतल्या मापाची एक पेटी करून घ्या. तिचे घनफळ ३५ लिटर, म्हणजे जवळपास एका पोत्याइतके. कोरडी वाळू दीड पेटी, खडी तीन पेट्या. घमेली लहान-मोठी असतात, म्हणून आपली पेटी किती घमेल्यांनी भरते ते एकदा मोजून ठेवावे. पाण्यासाठी खूण केलेली बादली.

सळईचे सूत्र

सळईचे वजन काढायला दुकानदारसुद्धा एक सूत्र वापरतो: व्यासाचा (मिमीमध्ये) वर्ग भागिले १६२, उत्तर दर मीटरला किलो. हे १६२ कुठून आले? पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो. एक मीटर लांब दंडगोलाचे वजन π/४ × व्यास² × ७८५० ÷ १०,००,००० = व्यास² × ०.००६१७, म्हणजेच व्यास² ÷ १६२. यावरून ८ मिमी सळई मीटरला ०.३९५ किलो, १० मिमी ०.६१७ आणि १२ मिमी ०.८८९ किलो भरते.

नेमकी सळई नकाशावरील लांब्या मोजूनच काढावी. पहिल्या अंदाजासाठी घरगुती स्लॅब-बीमला घनमीटरमागे ८० किलो धरू. ५.३७ × ८० = ४३० किलो.

खर्च कुठे जातो?

भाव गावोगाव आणि महिन्यामहिन्याला बदलतात. पुढचे भाव केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत, त्यांच्या जागी आपल्या गावचे भाव घालावेत.

सिमेंट : ४५ पोती × ४०० = १८,००० रु.
वाळू : १ ब्रास × ६,००० = ६,००० रु.
खडी : १.६५ ब्रास × ४,००० = ६,६०० रु.
सळई : ४३० किलो × ६५ = २७,९५० रु.
एकूण माल : ५८,५५० रु.

मजुरी आणि सेंट्रिंग बहुधा चौरस फुटावर ठरते, ते वेगळे.

या यादीत बेरजेपेक्षा टक्केवारी बोलकी आहे. सळई ४८ टक्के, सिमेंट ३१, खडी ११ आणि वाळू १०. वाळूच्या अंदाजात पाच टक्के चूक झाली, तर एकूण खर्चात फक्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. तीच चूक सळईत झाली तर जवळपास अडीच टक्क्यांचा. म्हणून लक्ष सळईच्या वजनावर आधी द्यावे. सळई वजनकाट्यावर मोजून घ्यावी आणि सूत्राशी ताडून पाहावी.

दुसरे लक्ष जाडीवर. फळ्या खाली वाकल्याने किंवा वरून समतल करताना स्लॅब फक्त १ सेंमी जाड झाला, तर ३० चौरस मीटरवर ०.३ घनमीटर काँक्रीट जास्त लागते. म्हणजे अडीच पोती गेली. पण त्याहून महत्त्वाचे, घनमीटरला २५०० किलो या हिशेबाने ७५० किलोचे जास्तीचे ओझे बीमवर कायमचे बसले. आदल्या संध्याकाळी दोरी आणि पट्टी घेऊन जाडी तपासायला अर्धा तास पुरतो.

वर्गासाठी

१. शाळेच्या वर्गखोलीच्या स्लॅबची आणि दिसणाऱ्या बीमची मापे घ्या. बीमचे घनफळ दोन्ही रीतींनी काढा. फरक किती पोत्यांचा?
२. गावात चालू असलेल्या बांधकामावरची मूठभर वाळू आणून ती किती टक्के फुगली आहे ते काढा. तीच परीक्षा पावसानंतर पुन्हा करा.
३. प्रमाण १ : २ : ४ घेतले तर घनमीटरला किती पोती लागतील? (उत्तर : सुमारे ६.३.) यात दर घनमीटरला वाचणाऱ्या पावणेदोन पोत्यांसाठी स्लॅबची ताकद कमी करणे योग्य आहे का, यावर वर्गात चर्चा करा.

तिसऱ्या प्रश्नाचा पहिला भाग गणिताच्या तासाचा आहे. दुसरा भाग मुलांनी घरी जाऊन मोठ्यांनाही विचारावा.