औषध, अपाय आणि उत्तरदायित्व

आमच्या इतवाऱ्यातील एक वृद्ध गृहस्थ, माझ्या वडिलांचे स्नेही, अलीकडे घरचाच रस्ता विसरू लागले होते. मध्यरात्री उठून बाहेर जाण्याचा हट्ट धरीत. वैद्यकीय सल्ल्याने मन शांत करणारे औषध सुरू झाले. काका शांत झाले खरे. परंतु पंधरवड्यात हातपाय ताठरले, पाऊल फरफटू लागले आणि एका पहाटे न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडले. चिरंजीव माझ्याकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, दोष कोणाचा? डॉक्टरांचा, की आमच्या नशिबाचा?"

स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २००५ साली नव्या औषधांबाबत व २००८ साली जुन्या औषधांबाबतही दिला. तथापि रुग्ण स्वतःला वा इतरांना इजा करू लागला, तर ती कधी कधी द्यावीच लागतात. म्हणून केवळ अपाय झाला एवढ्याने डॉक्टर दोषी ठरत नाहीत.

मग कायदा काय पाहतो? १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर आनंद गोडबोले या तरुणाचे मांडीचे हाड मोडले. पुण्यात पुरेशी भूल न देता हाड जोराने ओढून बसविले गेले व त्याच दिवशी तो दगावला. पित्याने दावा लावला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली आणि डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्हींत वाजवी दक्षता हवी.

औषधाच्या मात्रेलाही हेच तत्त्व लागू पडते. कोलकात्याच्या अनुराधा साहा १९९८ साली मरण पावल्या. त्यांना दिलेली स्टेरॉइडची अतिरिक्त मात्रा हा निष्काळजीपणाच ठरला, आणि २०१३ साली सुमारे सहा कोटींची भरपाई मंजूर झाली. शुल्क घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे १९९५ सालीच ठरले आहे. तक्रारीची मुदत मात्र दोन वर्षांची आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो, असे २००५ सालचा निर्णय सांगतो.

मी चिरंजीवांना विचारले, "धोका तुम्हांला सांगितला होता का? पुन्हा तपासणीस कधी बोलाविले होते? औषधाची चिठ्ठी कोठे आहे?" पहिल्या दोन्ही प्रश्नांना नकार मिळाला. चिठ्ठी तर सापडलीच नाही. आणि पाऊल फरफटू लागले तेव्हा आम्ही सर्वांनीच "वय झाले" म्हणून तिकडे काणाडोळा केला होता.

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना नवे औषध सुरू होताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: हे कशासाठी, किती दिवस आणि कोणते लक्षण दिसताच कळवावयाचे. चिठ्ठ्या तारीखवार जपाव्यात. रुग्णालयातील कागद मागितल्यास ७२ तासांत मिळावेत, असा नियम आहे. न्यायालय मोडलेले हाड सांधून देत नाही. परंतु वेळेवर विचारलेला प्रश्न पुष्कळदा ते मोडूच देत नाही.