न कोमेजणारी फुले

इन्सुलीच्या घरी आमची आत्या अळूवडीचा उंडा वळायला बसली, की मध्ये कुणाला बोलू देत नसे. “उंडो बिघाडलो काय सगळाच बिघाडला!” असे ती म्हणे. पण तो जमला, की सुरीखाली पडणाऱ्या हरएक वडीत तेच चक्र उमटे. पुढे प्राचीन काचफुलांची चित्रे पाहताना मला प्रथम आठवली ती आत्याच!

ही फुले इजिप्तमधली, सुमारे २००० वर्षांपूर्वीची. टॉलेमी राजांची अखेर आणि रोमन अमलाचा आरंभ, हा त्यांचा काळ. लाकडी पेट्यांत आणि देव्हाऱ्यांत अशा चकत्या जडवीत. निळ्या वा हिरव्या काचेवर पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या पाकळ्या पाहून वाटते, कुणी बारीक कुंचल्याने रंगविल्या असतील. पण कुंचल्याचा येथे संबंधच नाही!

कारागीर आधी रंगीत काचेच्या कांड्या करी. टोकाकडून पाहिले असता फूल दिसेल अशा रीतीने त्या जुळवी, आणि भट्टीच्या धगीत त्यांचा एकजीव जुडगा करी. मग तो मऊ जुडगा लांब ओढायचा. तो बारीक होई, तसे आतले फूलही लहान होई; पण पाकळ्यांची मांडणी मोडत नसे. निवल्यावर आडव्या चकत्या कापल्या, की प्रत्येकीत तेच फूल! मुखवट्यांच्या बाबतीत तर अर्धाच चेहरा घडवीत आणि दोन चकत्या उलटसुलट जोडून तो पुरा करीत.

या दुनियेशी आपलाही संबंध होता बरे! पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात कच्ची काच नोंदलेली आहे. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांचा माल त्याच बंदराकडे जाई. त्या ग्रंथातली ‘सेसेक्रिएनी’ बेटे म्हणजे आपल्या वेंगुर्ल्यासमोरचे खडक, असे काही अभ्यासक मानतात.

एक कांडी चुकली, तर चूक प्रत्येक चकतीत उतरणार. सारे जुळले, तर एकदाचे कष्ट शंभरदा फुलणार. त्या कारागिराचे नाव कुणाला ठाऊक नाही. पण भट्टीपुढे त्याच्या मनात आत्याचीच धास्ती असेल.

आत्या आता नाही. यंदाच्या दिवाळीत उंडा मी वळणार आहे. मध्ये कुणी बोलू नये, एवढीच विनंती!