ट्रॅक्टरवरील एकर मीटरचे कॅलिब्रेशन : हंगामापूर्वी वावरात १०० मीटर मोजून घ्या

यवतमाळ जिल्ह्यातील लोहारा परिसरासारख्या काळ्या, चिकण जमिनीच्या भागात कापूस, सोयाबीन आणि तुरीची पेरणी व फवारणी ट्रॅक्टरने करताना भाडे एकरावर ठरते. ज्या ट्रॅक्टरवर अंतर व क्षेत्र दाखवणारा मीटर असतो, तिथे त्याचा आकडा दोन्ही बाजू मान्य करतात. मात्र हा मीटर जमीन मोजत नाही, तो फक्त चाकाचे फेरे मोजतो. फेऱ्यांना चाकाच्या घेराने गुणले की अंतर आणि अंतराला यंत्राच्या रुंदीने गुणले की क्षेत्र मिळते. मीटरमध्ये भरलेला घेर चुकला की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

चूक कशामुळे होते?

- टायरमध्ये हवा कमी असल्यास किंवा टायर झिजल्यास घेर घटतो. फेरे वाढतात व मीटर अंतर जास्त दाखवतो.
- सेन्सर मागच्या चाकावर असेल तर ओढकाम करताना ते चाक घसरते. तेव्हाही अंतर जास्त दिसते.
- चाकाला चिखल चिकटल्यास घेर वाढतो आणि अंतर कमी दिसते.

त्यामुळे शक्य असल्यास सेन्सर पुढच्या, ओढ न घेणाऱ्या चाकावर बसवावा.

कॅलिब्रेशनची पद्धत

१. टायरमधील हवा तपासावी. यंत्र जोडावे, फवारणी पंपाची टाकी अर्धी भरावी.

२. चाचणी डांबरी रस्त्यावर न घेता, काम करायचे त्याच वावरात वाफसा असताना घ्यावी.

३. टेपने सरळ रेषेत १०० मीटर मोजून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात. दोरी ताणली जाते, म्हणून ती वापरू नये. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडू शकतो. १०० मीटरला ५ मीटर म्हणजे ५ टक्के चूक होते.

४. ट्रॅक्टर पहिल्या खुंटीच्या थोडा आधी सुरू करून कामाच्या गिअरमध्ये आणावा. पुढच्या चाकाचा मध्य प्रत्येक खुंटीसमोर येताच मीटरचा आकडा नोंदवावा.

५. जाता-येता मिळून किमान चार वेळा चाचणी घेऊन सरासरी काढावी. आकड्यांत २ मीटरपेक्षा जास्त तफावत असल्यास सेन्सर सैल आहे का, त्यावर चिखल आहे का ते पाहावे.

दुरुस्तीचे सूत्र

नवा घेर = जुना घेर × खरे अंतर ÷ मीटरने दाखवलेले अंतर

उदाहरणार्थ, मीटरमध्ये घेर २.५० मीटर भरला आहे आणि १०० मीटरला तो १०६ मीटर दाखवतो. नवा घेर = २.५० × १०० ÷ १०६ = २.३६ मीटर. हा आकडा भरून पुन्हा एकदा चाचणी घ्यावी. काही मीटरमध्ये घेराऐवजी १०० मीटरमधील पल्सची संख्या भरावी लागते. तिथे सूत्र उलटे होते : जुनी संख्या × दाखवलेले अंतर ÷ खरे अंतर.

फरक किती पडतो?

वरील मीटरवर १० एकर दिसले, तर प्रत्यक्ष काम ९ एकर १७ गुंठ्यांचेच झालेले असते. म्हणजे सुमारे २३ गुंठ्यांचे भाडे जादा जाते. मीटर कमी दाखवत असेल, तर हेच नुकसान ट्रॅक्टरमालकाचे होते.

फवारणीत धोका अधिक. मीटर वेग जास्त दाखवत असेल, तर ट्रॅक्टर प्रत्यक्षात हळू चालतो आणि एकरी औषध जास्त पडते. तणनाशकाच्या बाबतीत यामुळे पिकाला इजा होऊ शकते. उलट स्थितीत मात्रा कमी पडून तण वाचते. वेग पडताळण्यासाठी ३६० ला १०० मीटरसाठी लागलेल्या सेकंदांनी भागावे. ९० सेकंद लागल्यास वेग ताशी ४ किलोमीटर.

पुन्हा कधी तपासावे?

हंगामाच्या सुरुवातीला, टायर किंवा यंत्र बदलल्यावर, तसेच कोरड्या वावरातून ओल्या वावरात गेल्यावर तपासणी करावी. यंत्राची रुंदीही टेपने मोजूनच भरावी. ४५ सें.मी. अंतराच्या चार ओळींसाठी ती १.८ मीटर होते. भाडे ठरवण्यापूर्वी शेतकरी व चालक दोघांनी मिळून ही चाचणी घेतल्यास नंतर वाद राहत नाही.