पाणी प्यालेला प्लॅटफॉर्म

ओहोटी लागली की बेलापूरच्या जेट्टीपासून दिवाळे कोळीवाड्यापर्यंतच्या होड्या एकेक करून चिखलात बसतात आणि त्यांची अंगं वाचता येतात. शेवाळाची रेघ बोट पाण्यात नेमकी किती बुडते ते सांगते. बहुतेक होड्यांवर ही रेघ रंगाच्या पट्ट्याला समांतर असते. एखाद्या फायबरच्या स्पीडबोटीवर मात्र ती मागे जाता जाता तिरकी चढत जाते आणि इंजिनापाशी पट्ट्याच्या चार बोटं वर पोचते. टाकीत पेट्रोल नाही, प्रवासी नाहीत, तळातलं पाणी पंपाने काढलेलं आहे, तरीही बोट मागे बसते.

अशा वेळी पहिला आळ इंजिनावर येतो. पंखा बदलून बघितला जातो, कार्ब्युरेटर साफ होतो, नवं फोर-स्ट्रोक इंजिन जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा जड आहे असंही निदान होतं. त्यात तथ्य असतं, पण पुष्कळदा खरं वजन इंजिनाच्याही मागे असतं, स्विम प्लॅटफॉर्मच्या पोटात.

बोटीच्या मागच्या भिंतीला पाण्यालगत जोडलेला हा आडवा ओटा. पोहून आलेला माणूस शिडी धरून याच्यावरून बोटीत चढतो. तारकर्लीला स्कूबासाठी पाण्यात उतरणारे, खाडीत पंख्याला अडकलेलं जाळं सोडवणारे खलाशी, पाण्यात पडलेल्याला वर ओढणारे जवान, सगळे मागच्या बाजूनेच काम करतात. ओटा बाहेरून फायबरचा आणि आतून पोकळ असतो. ती पोकळी बांधणाराच फोमने भरून टाकतो. त्याने ओटा कडक राहतो, पायाखाली दबत नाही, आणि कवच फुटलं तरी बोटीचा मागचा भाग तरंगता राहतो.

हा फोम पॉलियुरेथेनचा. ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत १९३७ साली या रसायनाचा पाया घातला. बोटीत त्याचं सामर्थ्य जगाला दाखवलं ते रिचर्ड फिशर या अमेरिकी बोटबांधणाऱ्याने. १९५८ साली त्याने तेरा फुटी ‘बोस्टन व्हेलर’ बाजारात आणली. फायबरच्या दोन कवचांमध्ये फोम भरलेली ती बोट होती. १९६१ साली ‘लाइफ’ मासिकातल्या छायाचित्रांत फिशर बोटीत बसलेला आहे आणि बोट करवतीने मधोमध कापली जाते आहे. दोन तुकडे झाले तरी दोन्ही तरंगत राहिले. पुढे अमेरिकेत वीस फुटांहून लहान अशा बहुतेक मोटरबोटींना तरंगतं ठेवणारी सामग्री बसवणं सक्तीचं झालं. त्याच जुन्या व्हेलर बोटींच्या मालकांना आज पाणी साठलेल्या फोमचा प्रश्न भेडसावतो, हेही नोंदवलं पाहिजे.

नवी मुंबईकरांना तरंगणारा पदार्थ म्हटला की थर्माकोल आठवतो. हे नाव घरोघरी पोचवणाऱ्या बीएएसएफ कंपनीचा कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्यालाच होता. पण फायबरच्या बोटीत तो जपून वापरावा लागतो. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो आणि ज्या पॉलिएस्टर रेझिनने बोट बांधतात त्यातलं स्टायरीनही त्याला खाऊन टाकतं. पॉलियुरेथेनला या दोन्हींचं भय नाही, म्हणून कारागीर त्याच्याकडे वळले.

मग त्यात पाणी शिरतं कसं? उशी-गादीतला फोम अनारशासारखा जाळीदार असतो, एका छिद्रातून दुसऱ्यात वाट असते. बोटीतल्या फोमचे बुडबुडे मात्र बंद असतात. निदान नव्वद-पंच्याण्णव टक्के असतात. उरलेले फुटके असतात आणि जिथे फोम कापला गेला आहे तिथे तर सगळेच उघडे पडतात. शिवाय वर्षं सरतात तसा फोम थोडा आक्रसतो आणि कवचाशी असलेली त्याची पकड सुटते. तिथे बारीक फट राहते, आणि पाण्याला तेवढी पुरते.

दार मात्र माणसानेच उघडून ठेवलेलं असतं. शिडीची बिजागरी, दोर बांधायचा खुंटा, कडेची रबरी पट्टी, यातला प्रत्येक स्क्रू कवचाला पडलेलं एक भोक आहे. एप्रिलच्या उन्हात गडद रंगाचा ओटा साठ अंशांपर्यंत तापतो. संध्याकाळी भरतीचं अठ्ठावीस अंशांचं पाणी त्याला लागलं की आतली हवा जवळपास दहा टक्क्यांनी आकुंचन पावते. स्क्रूभोवतीचं सीलंट वाळून तडकलेलं असेल तर ही हवा बाहेरचं पाणी आत खेचून घेते. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती बुडबुड्यांच्या पातळ भिंतींतून हळूहळू आत झिरपून तिथेच पुन्हा पाणी होते. रोज एक घोट, असं वर्षानुवर्षं चालतं. त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळात मुंबई परिसरात दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. नीट न शाकारलेल्या बोटीचा ओटा चार महिने या पावसाखाली असतो. त्यामुळे आतलं पाणी चाखलं तर ते नेहमी खारट लागेल असं नाही.

हिशेब मांडला की गांभीर्य कळतं. दोन मीटर रुंद, अर्धा मीटर लांब आणि पंधरा सेंटीमीटर जाड ओट्याची पोकळी दीडशे लिटरची. तिच्यातला कोरडा फोम घनमीटरला सुमारे बत्तीस किलोच्या हिशेबाने पाच किलोही भरत नाही. तो अर्धा भिजला की पंचाहत्तर किलो पाणी, म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा बोटीच्या शेवटच्या टोकावर उभा. बोट धक्क्याला असताना ओट्याचा काही भाग पाण्यात असतो, त्यामुळे हे वजन निम्मंशिम्मं लपून राहतं. बोट वेग घेते, पुढचा भाग उचलला जातो, ओटा पाण्याबाहेर येतो आणि सगळा भार बोल्टांवर पडतो. लाटेगणिक तो भार आपटतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असले तरी भिजलेल्या फोमच्या आड त्यांना प्राणवायू मिळत नाही, आणि अशा कोंडलेल्या ओल्या जागी स्टेनलेसही कुरतडलं जातं. बोटीच्या मागच्या भिंतीत प्लायवूड असेल तर बोल्टाच्या भोकातून ओल तिथे पोचते आणि ज्या भिंतीला इंजिन टांगलेलं आहे तीच कुजू लागते. या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये ते याच कारणाने.

ओळखायचं कसं, तर आधी ठोकून. लाकडी हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ओट्यावर हलकेच ठोकत जावं. कोरड्या जागी टणक, स्पष्ट आवाज येतो. भिजलेल्या जागी बद्द. संशय आला की शिडीचा सगळ्यात खालचा स्क्रू काढून पाहावा. भोकातून तांबूस पाण्याची धार लागली तर पुढे शंकेला जागा नाही. शेवटची परीक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होते. दहा सेंटीमीटर लांब-रुंद-उंच असा फोमचा ठोकळा कापून घ्यावा. कोरडा असेल तर तो तीस-पस्तीस ग्रॅम भरतो. काही शे ग्रॅम भरला तर तो वाळवून उपयोग नाही. पाण्याला बुडबुड्यांत शिरायला वर्षं लागलेली असतात, उन्हात ठेवल्याने ते महिन्याभरात निघत नाही.

मग ओटा उघडायचा. तळाला दोन भोकं पाडून मोकळं पाणी आधी वाहू द्यावं. शिडी, खुंटे, पट्ट्या काढून घ्याव्यात. वरच्या कवचावर कडेपासून चार-पाच सेंटीमीटर आत चौकट आखून ग्राइंडरने कापावं. कड राखायची ती याचसाठी, की नंतर झाकण पुन्हा बसवायला आधार हवा. पातं कवचाच्या जाडीपुरतंच आत जाऊ द्यायचं; घाईत खालचं कवच कापलं गेलं की काम दुप्पट होतं. झाकण उचललं की आत काय घडलं आहे ते दिसतं. वरचा थर पिवळसर, कोरडा, नखाने कुरकुरणारा. थोडं खाली तपकिरी लगदा, मुठीत दाबला तर बोटांतून पाणी येतं आणि कुबट वास सुटतो. करवतीने चौकोन पाडून पहारीने ढेकळं उचकटायची, कोपऱ्यांतलं पटाशीने खरवडायचं, उरलेलं तारेच्या ब्रशने. फायबरच्या भुकटीने अंगाला खाज सुटते आणि ती फुप्फुसात गेली तर नुकसान करते, म्हणून मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सोडू नयेत.

नंतरचा टप्पा कंटाळवाणा, पण सगळं काम त्यावर तोलून असतं: वाळवणं. गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावं आणि पोकळी उघडी ठेवावी. वाळली की नाही याची साधी खूण आहे. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आतल्या पृष्ठभागावर चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आत दव साचलं असेल तर थांबावं.

इथे आपल्याकडच्या वेळापत्रकाची पंचाईत आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, जलक्रीडाही पावसाळ्यात थांबतात, उधाणाच्या भरतीला होड्या काठावर चढवल्या जातात आणि दुरुस्तीला उसंत मिळते ती तेव्हाच. नेमकी तेव्हा हवा इतकी दमट असते की काही वाळत नाही. शिवाय फोमच्या दोन द्रावणांपैकी आयसोसायनेटची पाण्याशी थेट अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. ओलसर पोकळीत ओतलेला फोम त्यामुळे बेढब फुगतो आणि पहिल्या दिवसापासून कमजोर असतो. फोम काढणं पावसाळ्यात उरकलं तरी भरणं ऑक्टोबरनंतर करावं.

भरताना दोन्ही द्रावणं बहुधा समप्रमाणात घेऊन अर्ध्या मिनिटाच्या आत ढवळून ओततात. मिश्रण काही मिनिटांत पंचवीस-तीस पट फुगतं आणि तापतं. एकदम सगळं ओतलं तर फुगण्याच्या जोराने कवच बाहेर येतं आणि आतला गाभा उष्णतेने करपतो. थोडं ओतायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा ओतायचं. आयसोसायनेटच्या वाफेने दमा जडू शकतो, तेव्हा काम मोकळ्या हवेत आणि योग्य मास्क लावूनच. झाकण बसवताना रेझिन लागतं. त्याचा हार्डनर आणि कोबाल्ट ही दोन रसायनं एकमेकांत थेट कधीच मिसळू नयेत, स्फोट होतो.

पण पुन्हा ओतीव फोमच भरावा का? लहान ओट्यासाठी उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं आहे. फोम काढला, नवा भरला, आणि स्क्रू पुन्हा त्याच भोकांत पिळले, तर काही वर्षांनी हाच खर्च परत करावा लागतो. दोष फोमइतकाच पाण्याला बाहेर जायला वाट न ठेवण्याचा आहे. आतून फायबरच्या पट्ट्या देऊन ओटा कडक करावा, पोकळीत बंद बुडबुड्यांच्या पॉलिइथिलीन फोमचे सुटे ठोकळे बसवावेत, वर उघडता येणारं झाकण आणि सगळ्यात खालच्या बिंदूला बूच ठेवावं. बोट काठावर आली की बूच काढायचं, पाणी आपोआप निघतं. कवचाची मजबुतीच फोमवर अवलंबून असेल तर ओतीव फोमला पर्याय नाही. तेव्हा निदान तळाशी अर्धी पाइप आडवी टाकून बुचापर्यंत पन्हाळ करून घ्यावी. स्क्रूचं प्रत्येक भोक मोठं करून इपॉक्सीने भरावं, वाळल्यावर त्यातच नवं भोक पाडावं. मग स्क्रू सैल झाला तरी पाणी इपॉक्सीपाशी अडतं.

राहिला काढलेला फोम. दीडशे लिटरच्या ओट्यातून चांगली चार-पाच पोती निघतात. खाडीकाठी ही पोती तिवरांत भिरकावण्याचा किंवा तिथेच पेटवण्याचा मोह होतो. जळत्या पॉलियुरेथेनमधून हायड्रोजन सायनाइड निघतो. तिवरांत टाकलेला फोम भरतीबरोबर तुकडे होत खाडीभर पसरतो, आणि ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य व २०२२ पासून रामसर स्थळ आहे. फ्लेमिंगो चिखलपाण्यातलं अन्न चोचीने गाळून खातात. बारीक झालेला फोम त्यांना वेगळा करता येत नाही.

दिवाळीनंतर खाडीवरची हवा कोरडी होऊ लागते, पण पर्यटनाचा हंगामही तेव्हाच सुरू होतो आणि बोट काठावर ठेवणं कुणाला परवडत नाही. बोटमालकांना म्हणूनच एवढंच सांगणं आहे: हंगाम सुरू होण्याआधी एका ओहोटीला मागच्या ओट्यावर हातोडीची मूठ ठोकून पाहा, खालचा एक स्क्रू काढा, आणि पाणी निघालं तर माणसं बसवण्याआधी बोट दुरुस्तीला घ्या.